संशय घेण्याची नोकरी

भाजीवाल्याने भाजी टाकायच्या आधी त्याचा काटा रिकामा असताना मी बघून घेते. दोन्ही पारडी एका रेषेत आली की मगच "अर्धा किलो भेंडी" म्हणते. ठाकुर्लीच्या बाजारात याबद्दल माझी ख्याती आहे आणि ती चांगली नाही. एक भाजीवाली तर मला लांबून बघताच काटा उचलून दाखवते, "बघून घ्या बाई, मग बोला." आमचे हे अशा वेळी दोन दुकानं पुढे जाऊन उभे राहतात. ओळख दाखवत नाहीत.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. माझ्या स्वभावाला मात्र पगार मिळायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या संगणक विभागात व्हेरिफायर म्हणून लागले. तेव्हा जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून माहिती मशीनला द्यावी लागे. एक मुलगी कार्ड पंच करायची, मग ते कार्ड आणि मूळ कागद माझ्याकडे यायचा आणि तोच मजकूर मी पुन्हा टाइप करायचे. माझी कळ आणि तिचं भोक जुळलं नाही की मशीन अडायचं आणि दिवा लागायचा. कोण चुकलं, ती की मी, हे मशीन सांगत नसे. ते फक्त अडायचं. पंच करणाऱ्या मुली जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी जागा धरायच्या, पण मी बसले की गप्पांचा विषय बदलायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीला तो विभाग नकोसा झाला आणि आम्हाला नारळ मिळाला. आमच्या शेजाऱ्यांचा जयंत इंजिनिअर होऊन नुकताच स्वतःच्या धंद्यात पडला होता. कोपरीत पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर दोन खोल्या, त्यात चार संगणक. कीबोर्डवर सकाळी फडकं मारावं तर संध्याकाळी पुन्हा पिठाचा थर. जयंत म्हणाला, "काकू, मला एक संशयी माणूस हवाय." मी दुसऱ्याच दिवशी रुजू झाले.

धंदा काय होता ते सांगते, कारण तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो कळला नव्हता. जगभरातले हौशी लोक प्रोग्राम लिहितात आणि फुकट वाटतात. नुसता चालणारा प्रोग्राम नव्हे, तर तो कसा लिहिला तेही सगळं उघड करतात. म्हणजे अनारसे हातावर ठेवायचे आणि सोबत कृतीही द्यायची. वाटलं तर बदला, वाटलं तर आणखी चौघांना द्या. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. जयंत असे प्रोग्राम गोळा करून त्यांची सीडी काढायचा. ती कॉलेजांत, दवाखान्यांत, लहान ऑफिसांत जायची. सीडी निघते म्हटल्यावर आपल्याकडचेही लोक आपापले प्रोग्राम पाठवू लागले. कुणी फ्लॉपीवर, कुणी मेलने. प्रोग्राम, त्याची कृती आणि तो मशीनवर बसवायच्या सूचना, हे सगळं एका गाठोड्यात बांधलेलं असे. त्याला आम्ही पॅकेज म्हणायचो. आलेलं पॅकेज सीडीत घ्यायचं की परत पाठवायचं, ते ठरवणं हे माझं काम.

"फुकट देणाऱ्याचं काय तपासायचं?" असं मला पुष्कळांनी विचारलं. धर्माची गाय अन् दात का नाय, असं आपल्याकडे हिणवतात. मी धर्माच्या गाईचेच दात मोजायची. दिलेल्या कृतीने प्रोग्राम स्वतः करून बघायचा, तयार आलेला वापरायचा नाही. तो खरोखर सगळ्यांना मुक्त आहे ना, ते बघायचं. आणि सगळ्यात जास्त बघायच्या त्या बसवायच्या सूचना, कारण त्या मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. आलेल्या पाहुण्याला पहिल्याच रात्री तिजोरीच्या खोलीत झोपवावं, तसं ते आहे. म्हणून मी सगळं रुंद कागदावर छापून घ्यायची, लाल पेन्सिल घ्यायची, देणाऱ्याला समोर बसवायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायची, "ही ओळ कशाला?"

ह्या प्रश्नाने माणसं फार चिडतात. डोंबिवलीचे एक बँकेतले गृहस्थ होते. त्यांनी पंचांगाचा प्रोग्राम पाठवला. तिथी, नक्षत्र, चंद्रोदय, सगळं चोख. मी खूश होऊन शेवटच्या पानावर आले, तर तिथे अटींमध्ये लिहिलेलं, "हा प्रोग्राम सर्वांस मुक्त आहे. मात्र आमच्या सोसायटीच्या विद्यमान सेक्रेटरींनी तो वापरू नये."

"ही ओळ कशाला?" मी विचारलं.

"आहे कारण."

"मग तो मुक्त नाही झाला."

"अहो, एक माणूस सोडून सगळ्या जगाला मुक्त आहे की!"

"आमच्यात एकालाही वगळता येत नाही."

"बाई, तुम्ही त्या माणसाला ओळखत नाही. गच्चीची किल्ली स्वतःकडे ठेवतो."

"ठेवू दे. पण संकष्टीचा चंद्र किती वाजता, ते त्यालाही कळलं पाहिजे."

फ्लॉपी उचलून ते तरातरा निघून गेले. काही महिन्यांनी परत आले, ती ओळ काढून. मला आश्चर्य वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, सोसायटीची निवडणूक होऊन सेक्रेटरी आता हेच झाले होते.

असे लोक मला आवडायचे. त्यांचा डाव उघड असतो. मला भीती वाटायची ती ज्यांच्यावर बोट ठेवायला जागा नसते त्यांची.

आता दाते सर. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, राहायला डोंबिवलीत, आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. जयंतच्या मागे हाच माणूस उभा होता. मोडेमवरून मेल नेणारा-आणणारा त्यांचा प्रोग्राम आमच्या सीडीतला सगळ्यात वापरला जाणारा प्रोग्राम होता. नवीन माणूस आला की त्याची ओळख पटवायचं कामही त्यांच्याकडे असे. कारण कागदावर नाव काय, कुणीही लिहील. पॅकेज देणाऱ्याने निदान एकदा कोपरीला येऊन तोंड दाखवायचं, रेशन कार्ड नाहीतर तसा काही पुरावा दाखवायचा, दाते सर चष्मा वर करून बघणार आणि "ठीक" म्हणणार. त्यांनी "ठीक" म्हटलं की मग माझी लाल पेन्सिल.

ही पेन्सिल फक्त दाते सरांच्या आणि आणखी दोघा-तिघा जुन्या लोकांच्या पॅकेजला लागत नसे. ती सरळ सीडीत जायची. हा जयंतचा नियम. त्यावरून मी त्याच्याशी भांडले होते.

"व्हेरिफायरला ओळखीचा-अनोळखी नसतो रे."

"काकू, सरांना 'ही ओळ कशाला' विचारणार तुम्ही? त्यांनी मला शिकवलंय."

"मग तूच विचार."

"मला लाज वाटते," जयंत म्हणाला आणि विषय संपला.

अशात एका रविवारी डॉमनिक आला. पंचविशी उलटलेला, घोडबंदर रोडच्या एका खाडीकाठच्या गावातला. तिथे आता टॉवर उभे आहेत, तेव्हा भातखाचरं होती. घरची भातशेती, वडील खाडीत जाळंही टाकायचे. हा कल्याणच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये हंगामी असिस्टंट होता. त्याने डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर देवनागरी छापायचं पॅकेज आणलं होतं. ह्यासाठी लोक आमच्याकडे अक्षरशः नवस बोलायचे राहिले होते. दाते सरांनी त्याचं रेशन कार्ड उजेडात धरून पाहिलं, मग उलटं करून पाहिलं.

"परेरा," ते म्हणाले. "आणि देवनागरी?"

"सर, आमी मराठीच बोलतो ना घरात," डॉमनिक म्हणाला. "चर्चमध्ये पण मराठीच. ती पत्रकं छापायलाच तर बनवलेला मी हा."

सर "ठीक" म्हणाले, पण मला बाजूला घेऊन पुटपुटले, "वहिनी, ह्याचं जरा नीट बघा."

सांगायची गरज नव्हती. मलाही संशय आलाच होता. पहिल्या वाचनातच एक ओळ सापडली. मशीन सुरू झालं की प्रत्येक वेळी ते पॅकेज गुपचूप प्रिंटरकडे काहीतरी मोठं पाठवायचं. कुणी छापायला सांगितलेलं नसताना.

"ही ओळ कशाला?"

"मॅडम, प्रिंटरला मराठी अक्षरं येत नाहीत. आपण शिकवायची. पण बंद केला की विसरतो तो. म्हणून रोज सकाळी परत शिकवायची."

"कशावरून?"

 तो उठला, एक ओळ छापून दाखवली, प्रिंटर बंद करून चालू केला, पुन्हा तीच ओळ छापली. मराठीच्या जागी चिन्हांचा नुसता कचरा उमटला. मी मान हलवली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. असे कितीतरी रविवार गेले. त्याने पेन्सिलीच्या खुणा दुरुस्त करून आणायच्या आणि मी नव्या काढायच्या. लॅबमधल्या मित्रांत त्याने माझं नाव "कशाला मॅडम" ठेवलंय, असं जयंतने मला मोठ्या आनंदाने सांगितलं. शेवटी बोट ठेवायला एकही ओळ उरली नाही, तेव्हा मी पॅकेज सीडीत घेतलं. त्याच सीडीत दाते सरांच्या प्रोग्रामची नवी आवृत्तीही होती, नेहमीप्रमाणे सरळ आलेली.

ती सीडी कॉलेजांत गेली आणि थोड्याच दिवसांत कल्याणहून, डॉमनिकच्याच कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांचा फोन आला. त्यांच्या मशीनवर एक मेल परत आली होती. पत्ता बरोबर होता, पण घेणाऱ्याची पेटी भरलेली, म्हणून परत. प्रश्न एवढाच, की ती मेल कॉलेजातल्या कुणीच पाठवलेली नव्हती. आणि तिच्या पोटात त्या मशीनवर नाव असलेल्या सगळ्यांच्या पासवर्डची फाइल होती.

 एक परत आली म्हणून कळलं. किती पोचल्या असतील?

नव्या सीडीनंतर हे सुरू झालं, म्हणजे सीडीतूनच आलं, हे उघड होतं. मशीन कुणाच्या ताब्यात? डॉमनिकच्या. सीडीतला नवीन माणूस कोण? डॉमनिक. झालं. कॉलेजने त्याला लॅबमध्ये यायला बंदी केली. त्या महिन्यात तो कायम व्हायचा होता. आता शनिवारी कॉलेजच्या समितीपुढे त्याला उभं करून काढायचं, आणि तेही नुसतं काढायचं नाही तर पोलिसांत द्यायचं, असं ठरत होतं. पासवर्ड चोरणारा हा शिक्का घेऊन तो कुठल्या लॅबच्या दारात उभा राहणार होता?

दाते सर ऑफिसात आले आणि म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं."

डॉमनिकही आला. जिन्यातच उभा राहिला, वर येईना. मी खाली गेले. रागाने की रडण्याने, त्याची जीभ गावच्या बोलीवर गेली होती. "मी काय केला नाय, मॅडम. मम्मीला काय सांगू? पोलीस घरी आले तर गावात तोंड दाखवाया जागा राहाची नाय."

मी त्याला "बघते" एवढंच म्हटलं. धीर दिला नाही. धीर द्यायला आधी खात्री लागते.

वर येऊन मी त्याचं छापील पॅकेज पुन्हा काढलं आणि पहिल्यापासून वाचलं. हो, पुन्हा संशय घेतला. सुटलेली एखादी ओळ सापडावी म्हणून डोळे फोडले. नाही सापडली. मग सीडीतली बाकीची नवी पॅकेजं घेतली. सगळीकडे माझ्याच लाल खुणा. गिरणी बंद झाली, जयंत कुलूप घेऊन उभा राहिला, आणि मला एकदम भाजीचा काटा आठवला. मी इतके दिवस पारड्यात पडलेली भाजी तपासत होते. काटा रिकामा असताना कुणी बघितलाच नव्हता.

"जयंत, दाते सरांची नवी आवृत्ती छापून दे."

"काकू!"

"तुला लाज वाटत असेल तर तू घरी जा. मी छापते."

तो घरी गेला नाही. छापून दिली आणि शेजारी बसून दुसरी प्रत स्वतः वाचायला लागला. सापडलं तेही त्यालाच. मूळ प्रोग्राम स्वच्छ होता. पण तो नीट चालतो का हे बघायला सोबत काही नमुन्याच्या फाइली होत्या, आणि बसवतानाच्या सूचना त्यातल्या एका फाइलीतून चार ओळी गुपचूप उचलून प्रोग्रामात टाकत होत्या. मेल घेऊन जाताना आणखी एक मेल सोबत न्यायची, एवढंच त्या ओळी करत होत्या. जयंतने हाताने तोंड झाकलं. मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. आणि पाठोपाठ ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

सकाळी मी डोंबिवलीला सरांकडे गेले. दाते वहिनींनी चहा टाकला. मी कागद टीपॉयवर पसरला आणि बोट ठेवलं.

"सर, ही ओळ कशाला?"

ते आधी हसले. मग वाचलं आणि उठून उभे राहिले. "तुम्ही माझं पॅकेज तपासलंत?"

"हो."

"कुणाच्या परवानगीने?"

"सर, ही ओळ तुमची आहे का?"

ते खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, "नमुन्याच्या फाइली आणि बसवायच्या सूचना मी नाही केलेल्या. परदेशातला एक गृहस्थ गेलं वर्षभर मदत करतोय. माझ्या कामाची इतकी कदर कुणी केली नव्हती हो. माझ्या चुका काढायचा, पण किती अदबीने. म्हणाला, तुम्ही थकला असाल, हे किरकोळ मी करतो. फार सज्जन आहे."

"तुम्ही त्यांना भेटलात कधी?"

ते खिडकीचा पडदा सारखा करायला लागले.

"त्यांचं रेशन कार्ड बघितलंत?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा बघून वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. खाडीकाठच्या पोराचं कार्ड उजेडात धरून उलटंपालटं करणारा हा माणूस. त्याने वर्षभर, न बघितलेल्या माणसाच्या हाती स्वतःच्या घराची किल्ली दिली होती, कारण तो माणूस गोड बोलत होता. मी कागद तिथेच ठेवला, "शनिवारी समिती आहे" म्हणाले, आणि चहा न घेता निघाले.

शनिवारी मी आणि जयंत कल्याणला गेलो. डॉमनिक बाहेर बाकावर बसला होता, सोबत त्याची आई, लुगडं नेसलेली, हातात जपमाळ. आत मी डॉमनिकचं पॅकेज टेबलावर ठेवलं, माझ्या लाल खुणांसकट. प्रिन्सिपॉल म्हणाले, "बाई, तुमचा ह्या मुलावर इतका विश्वास?"

"अजिबात नव्हता," मी म्हटलं. "म्हणून तर एकेक ओळ मला पाठ आहे. विचारा कुठलीही."

कुणी विचारलं नाही. "मग हे केलं कुणी?" असा प्रश्न आला. जयंतने माझ्याकडे पाहिलं. सरांचं नाव आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघणार होतं, देव जाणे, पण तेवढ्यात दार उघडलं आणि दाते सर आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मी ठेवून आलेला कागद.

"माझ्या प्रोग्राममधून गेलं," ते म्हणाले. "मी न बघता घेतलं. त्या मुलाचा काही संबंध नाही." बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. जाताना डॉमनिकच्या बाकापाशी थांबले, त्याच्या आईला नमस्कार केला आणि निघून गेले.

डॉमनिक पुढच्या महिन्यात कायम झाला. पेढे घेऊन कोपरीला आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"नाही रे ठेवला. ठेवला असता तर तुझ्यासाठी काय घेऊन उभी राहिले असते मी?"

तो हसला. पण दाते सर त्यानंतर कोपरीला आले नाहीत आणि आमच्या घरीही नाहीत. दिवाळीत ह्यांनी फोन केला, तर वहिनींनी उचलला. सर वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो, ते पुष्कळ वर्षांनी. ह्यांनी मला कधी बोल लावला नाही. तेही एक मला टोचतं. समितीपुढे येऊन सर जे बोलले, ते बोलायला किती बळ लागलं असेल, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

जयंतने सरळ वाटेचा नियम त्याच आठवड्यात मोडीत काढला. तपासायला मी एकटी पुरेना, म्हणून रविवारी डॉमनिक येऊ लागला. मीही मग नादाला लागून एक लहानसा प्रोग्राम लिहिला, किराण्याचा हिशेब ठेवणारा. पहिलाच. मोठ्या हौसेने पॅकेज बांधलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. तो मान खाली घालून वाचत होता. हातात माझीच लाल पेन्सिल. मी उगाच खिडकी पुसत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "ही ओळ कशाला?"

मला राग आला. कानशिलं तापली. पंधरा-सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि कालचा हा पोरगा मला विचारतो! दाते सर त्या सकाळी का उठून उभे राहिले होते, ते मला तेव्हा कळलं.

मी फडकं खाली ठेवलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "विचार."